जास्तीची माती

१

होशिम मास्तरांना ढिगाऱ्यातून बाहेर काढलं, तेव्हा त्यांच्या उजव्या मुठीत चष्मा होता आणि त्याच्या दोन्ही काचा शाबूत होत्या. चिनारतागी मोहल्ल्यातली माणसं पुढे कित्येक दिवस त्या चष्म्याविषयीच बोलत राहिली. छप्पर का पडलं याविषयी बोलायचं, तर घरं बांधणाऱ्या नुर्मत उस्ताचं नाव घ्यावं लागलं असतं. आणि मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांची छपरं नुर्मतच्याच हातची होती.

दुर्घटनेच्या तिसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, सनोबर करिमोव्हना त्या अंगणात मोजपट्टी घेऊन उभी राहिली. जिल्ह्याच्या बांधकाम कचेरीत सत्तावीस वर्षं ती अंदाजपत्रकं करीत होती. रविवारी तिच्या ओसरीवर मोहल्ल्याची रांग लागे. मुलाचं लग्न ठरलंय, एक खोली वाढवायची आहे. स्वयंपाकघराची भिंत पाडून पुढे सरकवायची आहे. किती लागेल, ओपा? थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तिला सगळेच ओपा म्हणत. लोक पैसे विचारत आणि सनोबर माती मोजून उत्तर देई: एवढ्या विटा, एवढा भुसा, इतक्या माणसांना इतके दिवस पुलाव. मजुरीच्या रकान्यात ती बहुधा रेघ ओढी, कारण खोली उभी राही ती हशरमध्ये, शेजाऱ्यांच्या फुकटच्या हातांनी. होशिम मास्तरांच्या या नव्या खोलीचं अंदाजपत्रकही तिचंच होतं. मास्तरांचा एकुलता एक मुलगा बोतिर फौजेतून परतला, की त्याचं लग्न लावून त्याला या खोलीत ठेवायचं होतं.

"मला फार काही नको, सनोबर करिमोव्हना," तपास अधिकारी झोकिरोव म्हणाला. तिशीचा, नीटनेटका, बुटांना माती लागू नये म्हणून फळीवर उभा. "एक पान. छप्पर पडण्याचं कारण: तुळया कमी जाडीच्या घातल्या. खाली तुमची सही. शनिवारी दुपारी कागद वर जायचाय."

"मोजायच्या आधीच कारण?"

"उस्ता कोठडीत आहे. त्याची चूक नसेल, तर मग कोणाची? अंदाजपत्रक करणाऱ्याची?" तो हसला.

"शनिवारी दुपारी ना?" ती म्हणाली. "मग शनिवारपर्यंत मला मोजू द्या."

तिने आधी तुळया मोजल्या. खोली सहा मीटर लांब, चार रुंद. पॉपलरच्या सात तुळया. बोतिर जन्मला त्या वर्षी मास्तरांनी पाटाच्या कडेला लावलेली सात झाडं, एकोणीस वर्षांनी तोडलेली. सातही जागच्या जागी होत्या, जाडीला अंदाजपत्रकात लिहिल्याहून बोटभर जास्तच, आणि आतून पांढऱ्याशुभ्र. कीड नाही, कुजणं नाही. उत्तरेकडच्या दोन मधोमध मोडल्या होत्या, आणि बाकीच्यांना त्यांनी ओढून खाली आणलं होतं.

मग तिने दोन माणसांना बिनबुडाची लाकडी पेटी आणायला सांगितली. पेटी भरायची, उचलायची, पुन्हा भरायची. दोन पेट्या म्हणजे एक घनमीटर. छपराची माती ओळखायला सोपी होती. गवताचा भुसा घालून मळलेली, तिची ढेकळं भुशाने धरून ठेवलेली. ती जितकी निघायला हवी होती तितकीच निघाली.

पण त्या ढेकळांच्या वर दुसरी माती होती. भुसा नसलेली, कधीच न मळलेली, नुसती ओतलेली. बरीचशी पिवळी, बाकीची राखाडी. आदल्या रविवारच्या पावसाने भिजून जड झालेली.

माणसांनी पेटी सहा वेळा भरली.

"ओपा," त्यांतला एक घाम पुसत म्हणाला, "ही माती कुठली?"

सनोबरने पेन्सिल कानावर खोचली. सात तुळयांच्या डोक्यावर, अंदाजपत्रकात नसलेली तीन घनमीटर माती कोणीतरी नेऊन ठेवली होती.

२

कोठडीत नुर्मत उस्ता भिंतीला टेकून बसला होता. पन्नाशीचा, रुंद हाताचा माणूस. सलोमत, म्हणजे मास्तरांची विधवा, त्याची सख्खी थोरली बहीण.

"मी माझ्या बहिणीच्या घरावर लबाडीचं छप्पर घालीन, ओपा? तुम्हीच सांगा."

"मी सांगून काय होतंय? तू सांग. माती किती घातलीस?"

"तुमच्या कागदात होती तेवढी. चार बोटं कमी एक वीत. वर भुशाचा गिलावा, दोन वेळा. ऑगस्टात काम संपलं. होशिम आका स्वतः वर चढले, पाय आपटून पाहिला आणि म्हणाले, नुर्मत, हे छप्पर माझ्यापेक्षा जास्त जगेल." तो थांबला. "जगलं का बघा."

"त्यानंतर तू वर गेलास?"

"कशाला जाईन? कापूस सुरू झाला. आका शाळेच्या पोरांना घेऊन पाच सप्टेंबरला शेतावर गेले ते दहा ऑक्टोबरला परतले, छातीत कफ घेऊन. मीही फार्मवर गोदाम बांधत होतो. बहीण एकटीच होती घरात."

"बहीण भेटायला आली?"

नुर्मतने आपल्या तळहातांकडे पाहिलं. "नाही. सुतकात आहे. आणि तिलाही वाटत असेल की मीच..." त्याने वाक्य गिळलं. "पाच वर्षं म्हणतात. झोकिरोव म्हणतो, कबूल केलंस तर तीन. माझ्या धाकटीचं अजून लग्न व्हायचंय."

"कबूल करू नकोस. शनिवारपर्यंत तोंड बंद ठेव. एक सांग: त्या अंगणात राखाडी माती कुठे सापडते?"

"राखाडी? आपण विटा पाडल्या त्या खड्ड्यात तर सगळी पिवळीच होती."

"तो गुडघाभरच होता."

नुर्मत विचारात पडला, मग सावकाश म्हणाला, "विहीर खणली तेव्हा मी आत उतरलो होतो. कंबरेपर्यंत पिवळी. कंबरेखाली राखाडी." त्याने वर पाहिलं. "ओपा, त्या घरात कोणी कंबरेखाली खणलंय?"

३

राखाडी माती मोहल्ल्यात आणखी एका ठिकाणी होती. शेजारच्या एर्गशने सप्टेंबरात आपल्या अंगणातलं तळं उपसलं होतं. आणि एर्गशचं नि मास्तरांचं पाण्याच्या पाळीवरून आठ वर्षांचं भांडण होतं. त्याचं छप्पर मास्तरांच्या नव्या छपराला खेटून होतं. फावडंभर गाळ पलीकडे फेकायला पायरीही उतरावी लागली नसती.

"या, या! मापाची बाई आली!" एर्गशने चहा ओतला. "आता माझी जीभही मोजून टाका, ओपा. बायको म्हणते, हातभर जास्त आहे."

"तळ्याचा गाळ कुठे टाकलास, एर्गश?"

त्याचा पेला तोंडाशीच थांबला. "म्हणजे मी तो मास्तरांच्या डोक्यावर टाकला?"

"मी एवढंच विचारलं, की कुठे टाकलास."

"आठ वर्षं भांडलो, खरंय. परवा त्यांच्या मैयतीला अंघोळ घालायला पाणी कुणाच्या तळ्यातलं गेलं? माझ्या! अंघोळ घालायलाही मीच होतो. सदरा काढला, तर आत लोकरी बंडी नाही. सप्टेंबर ते मे जी बंडी अंगावेगळी करत नसत, ती छातीत कफ असताना अंगात नाही. मला रडू आलं, ओपा. आणि तुम्ही मला गाळ विचारता!" तो उठला. "चला. दाखवतो."

गाळ खरबुजाच्या वाफ्यावर पसरलेला होता. सनोबरने तळ्याची लांबी-रुंदी पावलांनी मोजली, वाफ्यावरचा थर बोटांनी. हिशेब जुळत होता. तिने मूठभर गाळ उचलून चुरगाळला. लव्हाळ्याची मुळं, गोगलगायींची पांढरी कवचं. छपरावरच्या मातीत यातलं एकही नव्हतं.

"माफ कर, एर्गश."

"केलं. पण छपरावर मी कशाला मरायला जाऊ? तिथं तर सलोमत वहिनींचं राज्य. मास्तर कापसावर गेले त्या दिवसापासून शिडीवर टोपली घेऊन चढ-उतार. रोज दहा फेऱ्या तरी. मी म्हटलं, वहिनी, काय चाललंय? म्हणाल्या, मिरच्या वाळवतेय, बोतिरच्या लग्नाला. मी म्हटलं, पाहुण्यांना जेवू घालायचंय की पळवून लावायचंय?" तो स्वतःच्याच विनोदावर हसला, आणि सुतकाची आठवण होऊन थांबला. "मान मात्र मोठा होता हो मास्तरांचा. लष्करी कचेरीतले दोघं मैयतीला आले. सप्टेंबरातही मास्तरांना भेटायला येऊन गेले होते. सगळं घर पाहिलं, तेव्हा मास्तर नव्हते म्हणून हळहळले असतील."

शरद ऋतूत सारी गल्लीच छपरावर असते. कोणी गिलावा लिंपतं, कोणी टोमॅटो वाळत घालतं. टोपली घेऊन शिडी चढणाऱ्या बाईकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. मातीच्या छपरावर मातीही कोणाला खुपत नाही. जाड छप्पर, थंड घर, असंच प्रत्येक जण लहानपणापासून ऐकत आलेला.

सनोबर ढिगाऱ्याकडे परतली. संध्याकाळपर्यंत तिने ती सहा पेट्या माती चाळणीतून चाळून घेतली.

मिरचीचं एक बी निघालं नाही.

४

गुरुवारी ती सांत्वनाला गेली. जुन्या खोलीत सुतकाच्या निळ्या वस्त्रांतल्या बायका संदलीभोवती बसल्या होत्या. जमिनीतल्या निखाऱ्यांच्या खळग्यावर ठेवलेलं ते बुटकं चौरंगासारखं मेज, त्यावर अंथरलेली मोठी रजई, आणि रजईखाली सगळ्यांचे पाय. सलोमत दाराकडे पाठ करून बसली होती. चार दिवसांत तिचा चेहरा मुठीएवढा झाला होता.

"बोतिर कधी पोहोचतोय?" एका म्हातारीने विचारलं.

"त्याला तार केली नाही, खाला," सलोमत म्हणाली. "परक्या मुलखात आहे. करू दे नोकरी पुरी."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि माना हलवल्या. काय छातीची बाई आहे! मास्तरांची बायको शोभते. दर वसंतात फौजेत निघालेल्या पोरांपुढे भाषण कोण करायचं? होशिम मास्तरच. स्वतःच्या मुलाला अफगाणिस्तानात धाडतानाही त्यांचा आवाज हलला नव्हता.

सनोबरने इतरांसारखेच पाय रजईखाली सारले. बाहेर अजून अंगणात ओट्यावर बसता येत होतं. संदली पहिल्या बर्फाला मांडतात. दुःखात माणसाला थंडी वाजते, असं कोणी म्हटलंही असेल. पण रजईखाली ऊब नव्हती. तिचे तळवे निखाऱ्यांच्या खळग्यात उतरले आणि गार फळीला टेकले.

विस्तव नसलेली संदली कोणी कशासाठी मांडतं?

तिने पाय हळूच मागे घेतले. सलोमत तिच्याकडे पाहत होती.

मोहल्ल्याबाहेर पडून सनोबर पाटाच्या कडेला, तोडलेल्या सात पॉपलरच्या बुंध्यांपाशी बसली आणि तिने वही उघडली. जमिनीतून उकरलेली माती फुगते. चारची पाच होते. तेव्हा छपरावरची तीन घनमीटर म्हणजे जमिनीत साधारण सव्वादोन, फार तर दोन पूर्णांक चार. कंबरेखाली राखाडी लागली आहे, म्हणजे खोली दीड मीटरच्या आत-बाहेर. मग लांबी? रुंदी? तिने आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. मीटरभराहून थोडी कमी रुंदी. पुरुषभर लांबी.

पेन्सिल थांबली. असं माप तिने कधी कोणत्याच घराच्या अंदाजपत्रकात लिहिलं नव्हतं. हे माप कबरीचं होतं.

५

शुक्रवारी पहाटेपर्यंत तिचा डोळा लागला नाही. कोणाला पुरलं होतं? मोहल्ल्यातून कोणी नाहीसं झालेलं नव्हतं. तिने पुन्हा वही उघडली; आणि जे ती रात्रभर आकड्यांत शोधत होती, ते साध्या व्यवहारात सापडलं. कबरीची माती कबरीवरच परत जाते. माणूस पुरला, तर जेमतेम त्याच्या अंगाएवढी माती उरते. पेटीचा एक कोपराही भरणार नाही. इथे सहाच्या सहा पेट्या वर गेल्या होत्या. याचा अर्थ खड्डा भरलेलाच नव्हता. कबरीएवढा खड्डा त्या घरात आजही उघडा होता, आणि त्याच्या तोंडावर एक थंड संदली होती.

मग उरलेलं सगळं आपोआप आपापल्या रकान्यात जाऊन बसलं. न केलेली तार. दोनदा आलेले लष्करी कचेरीतले लोक.

दुपारी, बायका पांगल्यावर, ती पुन्हा सलोमतसमोर बसली. मोडलेल्या खोलीच्या बाजूने वारा आत येत होता.

"सलोमत, मी आकडे वाचते. चुकले तर सांग." तिने वही उघडली. "छपरावर तीन घनमीटर जास्तीची माती होती. वजन चार हजार दोनशे किलो. शिडीवरून बाईमाणूस टोपलीत बारा किलो नेतं, फार तर. म्हणजे साडेतीनशे टोपल्या. रोज दहा फेऱ्या, एर्गशने पाहिलेल्या. पस्तीस दिवस. होशिम मास्तर कापसावर होते छत्तीस दिवस."

सनोबरने पान उलटलं.

"माती तू उत्तरेच्या कडेला ओतलीस, कारण ती कडा गल्लीतून दिसत नाही. सगळा भार दोन तुळयांवर आला. मग रविवारी पाऊस झाला. भुशाचा गिलावा पाणी ओघळवून देतो. नुसती माती पाणी पिते. सोमवारी दुपारी..."

"हळू बोल, ओपा," सलोमत कुजबुजली. "हळू बोल. तुझ्या पाया पडते."

"मास्तर आजारी होऊन परतले, तेव्हा त्यांचं अंथरूण नव्या खोलीत कोणी घातलं?"

"मी," सलोमतचा आवाज जमिनीतून आल्यासारखा होता. "ही खोली मोकळी हवी होती. मी म्हटलं, तिकडे हवा चांगली आहे. उशीही मीच ठेवली, उत्तरेच्या भिंतीशी." तिने रजईची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. "ताश्कंदच्या इस्पितळातून आला तो, हे शेतावर निघाले त्याच्या आदल्या रात्री. खांद्याची जखम भरली होती. पुन्हा तिकडे पाठवणार होते. रात्री ओरडत उठायचा. त्याच्या तुकडीतले नऊ जण एका गाडीत... मी पाठवू शकले नाही, ओपा. बापाला सांगितलं असतं तर त्यांनी हाताला धरून परत नेऊन घातलं असतं. मी त्याला सांगितलं की छप्पर तुळयांमुळे पडलं. एवढंच त्याला ठाऊक आहे. एवढंच राहू दे."

"आणि नुर्मत?"

"भाऊ की मुलगा, असं मला विचारू नकोस."

"मी नाही विचारत. उद्या दुपारी झोकिरोवचा कागद विचारणार आहे."

सनोबरने वही मिटली. आपण आवाज का खाली आणला नाही, हा प्रश्न पुढे तिने स्वतःला पुष्कळदा विचारला. खालच्या फळीच्या फटींतून शब्द जातात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

रजई हलली.

सलोमत तिच्यावर आडवी पडली, दोन्ही हातांनी ती दाबून. पण खालून फळी सरकत होती, शांतपणे, न थांबता. अखेर तिने हात काढून घेतले. मेज कलंडलं, निखाऱ्यांच्या खळग्यातून आधी बोटं, मग मातीने भरलेले केस, मग एकोणीस वर्षांचा एक चेहरा वर आला. उजेडाने त्याचे डोळे मिटत होते.

"ती माती माझी होती, आई?"

सलोमतने तोंडात पदर कोंबला.

"टोपलीत भरून मी देत होतो. ती माझीच होती ना?"

त्याने खड्ड्याच्या काठावर कोपरं टेकली. त्याच्या अंगात बापाची लोकरी बंडी होती.

सलोमतची नजर त्या बंडीवर खिळली. "ही... ही तुझ्याकडे कशी आली?"

"तूच तर दिलीस. रजईखाली ठेवली होतीस, अब्बा परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी. वर अर्धी नानही होती."

"मी नाही ठेवली."

मग सलोमत स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "त्या रात्री त्यांनी मला विचारलं होतं, कोण खोकतंय? मी म्हटलं, तुम्हीच. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बंडी कुठे म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, विसरलो कुठेतरी." तिने सनोबरकडे पाहिलं. "होशिम कधी काही विसरत नसत, ओपा."

बोतिरने बंडीच्या दोन्ही कडा छातीवर ओढून घेतल्या. सनोबरने मान वळवली. मोजायला शिकलेल्या माणसाने काही वेळा दुसरीकडे पाहावं, एवढं शहाणपण तिला वयाने दिलं होतं.

"मामाला कधी सोडतील?" त्याने विचारलं.

"उद्या मी खरं लिहून दिलं तर. पण खरं लिहिलं, की माती कुठली हे विचारतील. मला उत्तर द्यावं लागेल." तिने शब्द शोधले. "तुझ्याकडे उद्या दुपारपर्यंतचा वेळ आहे. डोंगराची वाट मी पाहिलेली नाही आणि पाहणारही नाही."

"आणि मी गेलो, की आईला नेतील." तो खड्ड्याबाहेर आला. "पाणी तापव, आई. मला अंघोळ करायची आहे. आणि अब्बांना कुठे ठेवलंय, ते दाखव."

६

शनिवारी सकाळी दहा वाजता झोकिरोवच्या टेबलावर दोन कागद आले. एक सनोबरचा होता: तुळया सात, निर्दोष, उस्ताचं काम अंदाजपत्रकाबरहुकूम, पडण्याचं कारण, छपरावर नंतर टाकलेली तीन घनमीटर भुसाविरहित माती. दुसरा कागद बोतिरने स्वतःच्या हाताने लिहिला होता. माती मी खणली, असं त्यात होतं. ती वर मीच नेली, असंही होतं.

झोकिरोवने दोन्ही कागद दोनदा वाचले. "रोज दहा फेऱ्या. भर दिवसा, शिडीवर, फरारी शिपाई. आणि कोणी पाहिलं नाही?"

"माझं काम मातीचं," सनोबर म्हणाली. "कोणाच्या हाताने गेली, ते मातीवर लिहिलेलं नसतं."

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच तिने एक रकाना जाणूनबुजून कोरा सोडला होता. झोकिरोवच्या बुटांवर आज माती होती. कचेरीत येताना बहुधा तो कबरस्तानाच्या वाटेने आला असावा. मग त्याने शिक्का उचलला.

बोतिरला दुपारच्या गाडीने ताश्कंदला नेलं. बंडी त्याने अंगातून काढली नाही.

नुर्मत सोमवारी सुटला. घरी न जाता तो थेट बहिणीच्या अंगणात आला, फावडं घेतलं आणि जुन्या खोलीतला खड्डा भरू लागला. एर्गश आला, आणखी चौघे आले. हशरला कोणी बोलावलं नव्हतं, तरी हशर जमला. कोणी गाणं म्हटलं नाही.

सलोमत दाराशी उभी होती. नुर्मतने पाठ वळवूनच विचारलं, "मला का सांगितलं नाहीस?"

"तू अडकला असतास."

"अडकलोच की." त्याने फावडं रोवलं. "मला नुसतं सांगितलं असतंस, ओपा, तर मी दोन टेकू लावले असते. दोनच. उत्तरेच्या बाजूला."

सलोमतने भिंतीचा आधार घेतला. नुर्मत वळला, फावडं टाकलं, आणि तिला कवेत घेऊन उभा राहिला.

उकरलेली माती पुन्हा त्याच खड्ड्यात पुरती मावत नाही, कितीही धुम्मसाने ठोकली तरी. सनोबरला हे ठाऊक होतं. खड्डा काठोकाठ भरला, जमीन सपाट झाली, आणि अंगणात पेटीभर राखाडी माती उरली.

"हिचं काय करायचं?" एर्गशने विचारलं. "माझ्या वाफ्यात टाकू?"

सलोमतने कोपऱ्यातली टोपली उचलली. तीच टोपली, कडेला अजून माती वाळलेली. ती भरून तिने डोक्यावर घेतली आणि कबरस्तानाच्या वाटेला लागली. कोणी पुढे होऊन ती घेतली नाही. कोणाला ते जमलं नाही. तासाभराने ती रिकामी टोपली घेऊन परत आली, भरली, आणि पुन्हा निघाली.

सनोबर संध्याकाळपर्यंत त्या अंगणात बसून होती. पेन्सिल तिच्या कानावर होती आणि वही मांडीवर. तिने एकही फेरी मोजली नाही.